फ्रिजात बांधलेल्या लोंब्या

आमच्या घरी फ्रिज आला तो दुधासाठी नाही आला, थंड पान्यासाठीई नाही आला. औषधासाठी आला. आमच्या घरच्याईले, म्हनजे माह्या मालकाले, साखर होती. पहिले गोळ्या होत्या, मंग गोळ्यानं भागेना म्हनून डॉक्टरनं सुई लावून देली, सकाळची आनि सांजची. सुईची बाटली थंड जागी ठेवा म्हने. आता आमच्या गावात थंड जागा कोनती, तं एक विहीर आनि एक बोडीचा, लहान्या तळ्याचा, गाळ.

नर्सबाईनं मले मडक्याची युक्ती सांगतली. मोठ्या मडक्यात रेती, रेतीत लहान मडकं, लहान मडक्यात बाटली, आनि वरून रेतीवर पानी शिंपडत राहाचं. उन्हाळाभर माहा जीव त्या मडक्यात अडकून राहिला. दुसऱ्याच्या शेतात कामाले गेली तरी मनात तेच, रेती सुकली असन का. दुपारच्या सुट्टीत बाया भाकर सोडत, मी घरी पळत येऊन पानी शिंपडून जावो. बाया हासत. म्हनत, "बुढ्याले मडक्यात ठेवलं का वो?"

मंग पोरानं फ्रिज पाठवला. पोरगा नागपूरले कंपनीत आहे. त्यानं नवा घेतला होता, म्हनून जुना आमच्याकडे. लाल रंगाचा, एका दाराचा, अंगावर खरचटलेला. टेम्पोतून गोधड्यात बांधून आला. आंगनात उतरवला तं गल्लीतल्या बाया पाहाले आल्या, जशी नवी सून उतरली. बिजलीचं बटन धानाच्या कोठीजवळ होतं, म्हनून कोठीच्या बाजूलेच लोखंडी घोडीवर ठेवला. घरचे म्हनाले, "कोठी मोठी सून, हा लहानी सून. दोघी भांडल्या नाही म्हनजे झालं."

मी शिकली नाही. दुसरीत होती तवा माय मेली, लहाने भाऊ सांभाळाले घरी राहिली ते राहिलीच. पन सुईवरच्या रेघा मले कळल्या. नर्सबाईनं एका रेघेवर बोट ठेवलं, "इथंवर मावशी, याच्या वर नाही, याच्या खाली नाही." ते बोट मी डोळ्यात धरून ठेवलं. घरच्याईले दिसत कमी होतं, हातई कापत होता. म्हनून सुई मीच टोचो.

सकाळी ते खाटेवर बसत आनि बंडी वर करत. मी पोटाची चिमटी धरो आनि टोचो. आता सांगाले काय, आमचं लग्न झालं, पोरं झाली, पोराईचे लग्नं झाले, पन दिवसा उजेडी मी त्याईच्या अंगाले कधी हात लावला नव्हता. आमच्या वेळेस सासू-सासऱ्यापुढं नवऱ्याशी बोलनंई नव्हतं. जे बोलनं व्हाचं ते शेतात, तेई कामाचं. बैल पान्यावर ने, धानाच्या पऱ्ह्याची, रोपाची, जुडी फेक, एवढंच. म्हातारपनी ही सुई आली आनि रोज दोन डाव ते माह्यासमोर पोट उघडं करून बसाले लागले. पाहत मातर दुसरीकडेच. मी म्हनो, "दुखलं का जी?" ते म्हनत, "मच्छर चावते तं याहून जास्त दुखते." रोज मी तेच पुसो, रोज ते तेच सांगत. मले त्या पोटाचा, त्या कातडीचा असा सराव झाला होता का डोळे मिटून सुई टोचली असती.

फ्रिज आला तवा उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. त्या पावसाळ्यात साखर उतरली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं कागद पाहून मान हालवली, "आजी, असंच चालू ठेवा." मी बसमंधी घरच्याईले म्हनलं, "माही पाठ थोपटली डॉक्टरनं." ते म्हने, "पोट माहं टोचलं, पाठ तुही थोपटली. असाच न्याय आहे."

आता त्याईची एक रीत सांगतो. त्याईच्या बापापासूनची होती. हलका, लवकर येनारा धान पिकला का पहिल्या बांधीतल्या, म्हनजे पहिल्या वाफ्यातल्या, लोंब्या विळ्यानं नाही कापाच्या, हातानं खुडाच्या. त्याच्या लहान्या लहान्या जुड्या कराच्या आनि घरात जे जे राबते त्याले एकेक जुडी बांधाची. नांगराले, बैलबंडीले, उखळाले, विहिरीच्या गडगडीले. ते म्हनत, "जो राबते त्यानं नवं धान पहिले पाहावं." सायकल आली तवा सायकलले बांधली. पोरगी शिवाले शिकली तवा मशीनले बांधली. पोराच्या दप्तराले बांधली तं पोरगा शाळेत लाजला, घरी येऊन रडला. पन परीक्षेच्या वर्षी त्यानं सोताच मांगून घेतली.

एका वर्षी, मी नवी होती तवा, शेतात कोनी नाही पाहून मी म्हनलं, "मी नाही राबत का जी? मले काहून नाही बांधत?" ते विळा घेऊन पुढच्या बांधीत गेले. दुसऱ्या दिवशी डोक्यावर भारा घ्यासाठी चुंबळ उचलली तं चुंबळीत एक लोंबी खोसलेली. ती चुंबळ मी कोनाले धरू नव्हती देत.

तं फ्रिज आला त्या वर्षी कापनी आली. फ्रिज म्हनजे सगळ्यात राबनारा, दिवसरात घूं घूं, आनि तेई त्याईच्याच जिवासाठी. त्याले जुडी नाही बांधाची असं कसं होईन. पन फ्रिजले ना खिळा, ना कडी. दाराले मूठ म्हनजे एक खाच. खाली लोखंडी घोडी होती, पन धान पायाशी कोन बांधते. घरचे दार उघडून हातानं चाचपत राहिले. आत, बर्फाच्या डब्याच्या मांगून, एक बारीक तार आली होती. ती थोडी खाली ओढली आनि तिले जुडी अडकवली. "झालं," म्हने, "आता याचंई झालं." मी बाजूलेच उभी होती. मले तं चांगलंच वाटलं. दार उघडलं का पिवळ्या लोंब्या झुलत दिसत. औषध काढतानी रोज हाताले लागत.

त्याच कापनीत त्याईच्या पायाले लागलं. उंबरठ्यावर रक्ताचे ठसे पाहिले तं मी म्हनलं, "हे कोनाचं?" ते म्हने, "मांजरानं उंदीर आनला असन." ठसे खाटेपर्यंत गेले होते. पाहतो तं तळव्यात धानाचं धसकट घुसलेलं, करंगळीच्या बुडाशी, आनि मानसाले खबर नाही. साखरेनं पाय बधिर होते म्हनून डॉक्टरनं सांगतलं होतं, पन सांगनं वेगळं आनि पाहनं वेगळं. मी धसकट ओढून काढलं, ते माह्या तोंडाकडे पाहून राहिले, जसा पाय दुसऱ्याचा आहे.

जखम भरेना. आनि साखर चढाले लागली.

भंडाऱ्याले गेलो तं डॉक्टरनं कागद पाहिला, मंग त्याईच्याकडे पाहिलं. "आजोबा, काय खाऊन राहिले?"

"भाकर."

"भात?"

"बाईनं बंद केला."

"गूळ, साखर, चहा?"

"नाही जी."

"मंग ही साखर कुठून आली?"

डॉक्टर माह्याकडे वळला. वाईट मानूस नव्हता, रोज असे शंभर म्हातारे पाहत असन. म्हने, "आजी, तुमच्या मांगं काही खात असतीन. साखर उतरली नाही तं ही जखम भरत नाही. जखम भरली नाही तं पाय कापावा लागन, घोट्यापासून. महिनाभर पाहू."

घोट्यापासून. बसमंधी मी खिडकीतून बांध्या पाहत आली. सगळीकडे पुंजने उभे होते, कापलेला धान रचून ठेवलेले. घरचे म्हने, "घोट्यापासून गेला तं शेताच्या धुऱ्यावर कसा चालन वो?" मी म्हनलं, "पाहू."

आता धानवाल्याच्या घरी भात बंद करनं म्हनजे काय, हे ज्याच्या घरी कोठी आहे त्यालेच समजन. कोठी भरलेली, नव्या तांदळाचा वास घरभर, आनि मी मोहाडीच्या बाजारातून ज्वारी आनून भाकरी थापो. ते चुपचाप खात. पेज मांगितली नाही का सुट्टीत आलेल्या नातवाच्या ताटाकडे पाहिलं नाही. दिवसभर माह्याच डोळ्यापुढं. गुळाचा डबा मी कोठीवर ठेवला होता, तिथं त्याईचा हात पोचत नव्हता. मले पक्कं मालूम होतं का ते खात नाही. पन माह्या म्हनन्याले कोन पुसते.

पोराचा फोन आला.

"माय, खरं सांग, बाबा चोरून खाते का?"

"नाही खात."

"तं मंग साखर आभाळातून पडते का?"

"मले काय मालूम. पन खात नाही."

"तू त्याईची बाजू घेतं. पाय जाईन तवा समजन तुले."

घरचे खाटेवरून ऐकत होते. फोन ठेवला तं म्हने, "काय म्हनते?" मी म्हनलं, "तब्बेत पुसते." ते हासले. कानानं त्याईले चांगलं ऐकू येई.

त्या दिवसापासून ते कमी जेवाले लागले. अर्धी भाकर सोडून देत. मी म्हनलं, "उपाशी राहून सुई घेतली तं चक्कर येईन." ते म्हने, "मंग कसं सिद्ध करू?" मानूस सत्तरीले आला आनि चोर ठरला, आपल्याच घरच्या गुळाचा.

आनि इकडे फ्रिजची मातर गावभर तारीफ. काय थंड मारते म्हनून. दूध वाटीत ठेवलं तं सकाळी त्याची वडी. वांगं दाबलं तं दगड. सांबार, म्हनजे कोथिंबीर, ठेवला तं दुसऱ्या दिवशी काळा, काचेवानी, मोडला तं कुडकुड वाजे. अंड्याईले भेगा. शेजारीन म्हने, "आम्ही आत्ता नवा घेतला तरी एवढं नाही मारत. जुन्या मालाची बातच वेगळी." कोनाच्या घरी ताप असला, कोनाले मुका मार लागला का बर्फ न्याले आमच्या घरी. घरच्याईले त्याचा अभिमान होता. मलेई होता, कायले नाही म्हनू. आम्हाले वाटे फ्रिजचं काम थंड करनं, जास्त थंड करते म्हनजे जास्त चांगला. औषधाची बाटली मी वरच्या फळीवर, बर्फाच्या डब्याच्या अगदी खाली ठेवत होती. औषधाले थंड पाहिजे ना, म्हनून सगळ्यात थंड जागा त्याले देली होती.

दिवाळीनंतर मंडई आली. आमच्या इकडे गावोगावची मंडई भरते, नाटक होते, लग्न झालेल्या पोरी माहेरी येते. माही पोरगीई आली. तिले गोंदियाकडे देली आहे. देली तवा एकाच जिल्ह्यात होती, मंग जिल्हा तुटला आनि बसल्या जागी ती परजिल्ह्यातली झाली. बस तीच, रस्ता तोच, पन तिचा बाप म्हने, "पोरगी दूर गेली." त्याईले तसंच वाटे.

पोरगी चहा मांडाले गेली. फ्रिजातून दुधाचा गंज, म्हनजे पातेलं, काढला आनि उलटा धरला. एक थेंब पडला नाही. "माय, हे दूध आहे का गोटा आहे?"

"गरम कर, होते पातळ."

"आनि बाबाची बाटली याच्यातच राहते?"

"वरच्याच फळीवर."

तिचं ते पुसनं माह्या मनात राहिलं. सांजच्याले बाटली हातात घेतली. ते औषध दुधावानी असते, टोचाच्या पहिले दोन तळहातात घोळवाचं असते, म्हनजे सारखं होते. मी घोळवलं. उजेडाकडे धरलं. आत कन्या दिसत होत्या, तांदळाच्या कन्या असते तशा, बारीक बारीक, काचेले चिकटलेल्या. पुन्हा घोळवलं. कन्या हालेना. ह्या कन्या मी याच्या आधीई पाहिल्या होत्या, पन मले वाटलं थंडीनं असते तसंच, जसं खोबऱ्याचं तेल थिजते.

दुसऱ्या दिवशी बाटली ओल्या फडक्यात बांधून मी मोहाडीची बस धरली. औषधाच्या दुकानात गर्दी होती. माही पाळी आली तं बाटली काचेवर ठेवली. दुकानदारानं वर धरून पाहिली.

"मावशी, हे गोठलं होतं का?"

"फ्रिजातच होतं."

"फ्रिजात असाले पाहिजे, पन गोठाले नाही पाहिजे. गोठलं का याच्यातला जीव जाते. मंग टोचलं काय आनि पानी टोचलं काय, सारखंच."

"याच्या पहिलेची बाटली?"

"तिच्यात अशाच कन्या होत्या?"

मी मान हालवली. त्यानं तोंडानं चक् केलं आनि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी दुकानाच्या पायरीवर बसली. लोक मले ओलांडून जात होते. मले वाईट वाटाले पाहिजे होतं, एवढे दिवस त्या मानसाच्या पोटात मी पानी टोचत होती. वाईट मंग वाटलं. पहिले मले सुख झालं. म्हनलं, चला, बुढा खोटं बोलत नव्हता. मले मालूमच होतं, पन आता लोकाले दाखवाले माह्या हातात बाटली होती. बसमंधी बाजूले एक अनोळखी बाई बसली होती, मी तिले सगळं सांगतलं. आमच्या घरच्याईनं गूळ खाल्ला नव्हता म्हनून. ती बिचारी हो हो म्हनत राहिली.

नवी बाटली आनली होती ती मी फ्रिजात ठेवलीच नाही. मडकी काढली, रेती भरली. घरी सांगतलं का औषध गोठून वाया गेलं होतं. घरचे खाटेवर उठून बसले. मंग म्हने, "म्हनजे मी खरा."

"तुम्ही खरेच होते जी."

"ते तू म्हनतं. आता कागद म्हनन."

मंग फ्रिजमांगं लागलो. पोराले फोन लावला. तो म्हने, आत गोल बटन आहे ते कमी कर, एक नंबरवर आन. मी म्हनलं, नंबर घासून गेले, काही दिसत नाही. म्हने, डाव्या अंगाले फिरव. मी म्हनलं, "डावं कोनतं, माहं का फ्रिजचं?" पोरगी हासून हासून खाली बसली. तिनंच फिरवलं, अडकते तिथंवर. दुसऱ्या सकाळी दूध पुन्हा गोटा.

शेजारीन म्हने, "रिकामा फ्रिज जास्त गारठते. भरा त्याले." खरंच आमच्या फ्रिजात राहे काय, एक गंज दूध आनि औषध. आम्ही रातचं अन्न ठेवत नाही, भात उरला तं पान्यात घालून सकाळी खातो. म्हनून मंग गल्लीतून सामान गोळा केलं. कोनाचं कोहळं, कोनाचे टमाटर, कोनाच्या पान्याच्या बाटल्या, एकीनं तं चिचेचा गोळा आनून ठेवला. फ्रिज ठासून भरला. सगळं गोठलं. बाटल्या फुगल्या, एक फुटली, टमाटर असे झाले का पोरं गोट्यासारखे खेळले. आनि तो फ्रिज एक मिनिट चूप बसत नव्हता. घूं घूं घूं. घरचे म्हने, "याले दम लागला असन वो. थांबतच नाही बिचारा."

शेवटी मोहाडीहून फ्रिजवाला बोलावला. पोट सुटलेला, मिशा रंगवलेला, बोलाले मोकळा. दार उघडलं आनि लोंब्या पाहून तिथंच बसला.

"मावशी, फ्रिजले धान चारून राहिले का?"

"नवं आहे," घरचे खाटेवरून म्हने. "राहू दे ते."

त्यानं लोंब्या सोडल्या नाही. बॅटरी लावून आत पाहिलं, लोंब्या बोटानं बाजूले केल्या, मंग म्हने, "आजोबा, ही तार कोनं ओढली?"

"मीनं. जुडी बांधाले."

"हे पाहा. ही तार म्हनजे फ्रिजचं बोट. ते बर्फाच्या डब्याले टेकून राहाले पाहिजे. डबा थंड झाला का ह्या बोटाले समजते, मंग मशीन बंद होते. तुम्ही बोटच डब्यापासून काढून खाली लटकवलं. त्याले थंडीच समजत नाही. त्याले वाटते अजून गरमच आहे, म्हनून तो रातदिवस चालूच."

घरच्याईनं विचार केला. "आत बर्फ होऊन राहिला आनि त्याले समजतच नव्हतं?"

"नाही."

"माह्या पायावानी."

फ्रिजवाला हासला, त्याले वाटलं मजाक केला. मी हासली नाही. घरच्याईनं फडक्यात बांधलेला तो पाय थोडा मांगं ओढून घेतला.

मंग उठले. लंगडत फ्रिजजवळ आले. लोंब्या फ्रिजवाल्याले सोडू देल्या नाही, सोताच सोडल्या. दिसत नव्हतं म्हनून गाठ सापडेना. त्या मानसानं धीर धरला, नुसती बॅटरी धरून उभा राहिला. गाठ सुटली तवा त्यानं तार आपल्या जागी बसवली, पेच कसला आनि म्हने, "मांगं ती काळी जाळी आहे ना, तिले पाहिजे तेवढा धान बांधा. आत नोको."

तो गेला. थोड्या वेळानं फ्रिज घूं घूं करता करता थांबला. घरात एकदम शांत झालं. एवढ्या दिवसात आम्ही ती शांतता ऐकली नव्हती. घरचे म्हने, "मीनंच माह्या औषधाचा जीव घेतला वो."

मी म्हनलं, "तुम्ही त्याले नवं दाखवलं. त्यात वाईट काय केलं?"

"पाय गेला तं?"

सुईची वेळ झाली होती. मडक्यातून बाटली काढली, तळहातात घोळवली, उजेडाकडे धरली. कन्या नव्हत्या. ते बंडी वर करून बसले. त्या दिवशी दुसरीकडे नाही पाहिलं, माह्या हाताकडे पाहत राहिले. टोचून झालं तं म्हने, "पोराले फोन लाव."

लावून देला. त्याईनं फोन दोन्ही हातानं कानाशी धरला. "बाबू, मी गूळ नव्हता खाल्ला." एवढंच म्हनलं. तिकडून पोरगा काय बोलला ते मले ऐकू नाही आलं. हे नुसते "हो, हो" करत राहिले, मंग फोन माह्याकडे देला. तो म्हने, "माय, बाबाले आज थोडा भात दे." मी म्हनलं, "पागल झाला का."

साखर उतरली, पन हळू. तोपर्यंत करंगळी काळी पडली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तेवढीच काढली. पाय राहिला. डॉक्टरले मी कन्याचं सांगतलं तं तो म्हने, "आजी, हे पहिले सांगाचं ना." पहिले आम्हाले मालूम असतं तं सांगतलंच असतं. घरचे भूल उतरल्यावर म्हने, "करंगळीनं कधी काम केलं होतं? जाऊ दे. खानारं एक तोंड कमी झालं."

पुढच्या पावसाळ्यात रोवना, म्हनजे धानाची लावनी, लागला तवा त्याईनं हट्ट धरला, शेत पाहाचं. धुरा म्हनजे वीतभर रुंद बांध, दोन्हीकडे चिखल, त्याईले दिसत नाही, पाय बधिर. मी म्हनलं, "कसं येता जी?" ते म्हने, "तू पुढं चाल. मी तुह्या बांगड्याच्या आवाजानं येतो."

जनमभर मी त्याईच्या मांगून चालली. लग्न झालं तवा मांगून, बाजारात मांगून, शेतात डोक्यावर शिदोरी घेऊन मांगून. रीतच तशी. त्या दिवशी पहिल्यांदा पुढं चालली. मुद्दाम हात हालवत, बांगड्या वाजवत. मांगून त्याईच्या काठीचा आवाज, मंग पायाचा, चिखलात फच्च. मी थांबली का तेई थांबत. कुठं धुरा तुटला असला तं मी म्हनो, "इथं लांब पाय टाका," आनि मांगं न पाहता थांबो, पाय पडल्याचा आवाज येईपर्यंत. रोवना करनाऱ्या बाया चिखलात उभ्या राहून पाहत. एकीनं म्हनलंच, "काय वो, बुढ्याले वरात काढून आनलं का?" घरचे म्हने, "तिची वरात आहे, मी नुसता वाजंत्री."

असे काही रोवने आम्ही पाहिले. मंग एका दुपारी खाटेवरच ते गेले, कोनाले तरास न देता. दोन्ही पाय सोबत नेले, एवढं माह्या हातून झालं.

फ्रिज अजून चालते. जेवढं थंड पाहिजे तेवढंच करते, मंग चूप बसते. सकाळ झाली का मले आता काही काम राहत नाही. चहा पितो, आंगन झाडतो, आनि तेवढ्यात ऊन चढते. पोरगा म्हनते नागपूरले चाल. पोरगी म्हनते इकडे ये. दोघाईलेई म्हनतो, रोवना झाला का येतो.

धुऱ्यावर मी अजून हळूच चालतो. रोवन्याले नागपूरहून आलेली नातसून मांगून ओरडते, "आजी, लवकर लवकर पाय टाका ना, पानी येऊन राहिलं." कुठं धुरा तुटला असला का मी पलीकडे पाय टाकतो आनि उभी राहतो. मांगून आवाज आला का मंगच पुढं जातो. कोनाचाई येवो.